नामंजूर अर्जांच्या गठ्ठ्यापासून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेमार्फत सहा-सात वर्षं वस्त्यांमध्ये संघटन केलेल्या एका कार्यकर्तीची महापालिकेच्या समाज विकास विभागात समूह संघटिका म्हणून कंत्राटी नेमणूक झाली आहे. साहेबांनी तोंडी सांगितलं, ‘जे घटक योजनांच्या बाहेर राहतात, त्यांना आत आणा.’ लेखी काहीच नाही. पहिल्या वर्षात काय करावं, काम कुठे अडतं, आणि पालिकेचं ओळखपत्र गळ्यात आल्यावर वस्तीतला विश्वास कसा टिकवावा?

आधी पदाबद्दल. स्वर्णजयंती शहरी रोजगार योजना १९९७ मध्ये आली आणि ‘समूह संघटक’ हा शब्द आपल्या नगरपालिकांत रुळला. २०१३ मध्ये त्या योजनेची जागा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घेतली. त्यात साधारण ३,००० गरीब कुटुंबांमागे एक संघटक असं माप धरलं होतं, ते क्वचितच पाळलं गेलं. तुमच्याकडे सहीचा अधिकार नाही, निधी नाही, हाताखाली माणूस नाही. दोन गोष्टी मात्र आहेत. वस्तीत खरोखर काय चाललंय हे इमारतीत इतर कुणापेक्षा तुम्हाला जास्त कळतं, आणि वरिष्ठांपुढे टिपणी, म्हणजे मंजुरीसाठीचा लेखी प्रस्ताव, ठेवता येते. या दोन्हींचा मेळ घालणं म्हणजेच तुमची नोकरी.

बाहेरून काम करताना मोर्चा, निवेदन, धरणं ही हत्यारं होती. आत आल्यावर ती गेली. ती लपूनछपून वापरूही नका, पहिल्याच महिन्यात कळतं. आतून पाहिलं की वेगळंच दिसतं. माणसं योजनेबाहेर राहतात ती बहुतेकदा कुणी ठरवून वगळलेली नसतात. ती अर्जाच्या नमुन्यात, पत्त्याच्या पुराव्यात, खिडकीच्या वेळेत आणि शेवटच्या तारखेत अडकलेली असतात. म्हणून नवं सर्वेक्षण हाती घेऊ नका. सर्वेक्षणाचे गठ्ठे प्रत्येक विभागात धूळ खात पडलेले आहेत, आणि ‘परत नाव लिहून घ्यायला आले’ म्हटल्यावर वस्ती दार लावते.

पहिल्या महिन्यात तीन कागद मिळवा. एक, तुमच्या विभागाच्या प्रत्येक योजनेची गेल्या तीन वर्षांची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च. दोन, मंजूर लाभार्थ्यांची पत्त्यासह यादी. तीन, आणि हाच खरा कागद, नामंजूर व अपूर्ण अर्जांचा गठ्ठा. तो कुणी मागत नाही, त्यामुळे बहुधा कपाटावर किंवा खिडकीमागच्या खोक्यात असतो. त्यातले शंभर अर्ज घेऊन बसा आणि प्रत्येकावरचा शेरा एका वहीत उतरवा. ‘भाडेकरार नाही’, ‘वास्तव्याचा पुरावा अपुरा’, ‘नावात तफावत’, ‘मुदतीनंतर प्राप्त’, ‘बँक खाते बंद’. शंभर अर्ज होईपर्यंत चार-पाच शेरेच पुन्हा पुन्हा येताहेत असं दिसेल. तेच तुमचं वर्षभराचं काम. मंजूर यादी प्रभागाच्या नकाशावर टिंबांनी मांडा. नाल्याकडेची गल्ली, नवी पालं, भाडेकरूंच्या चाळी इथे टिंबं नसतील. वस्तीफेरी तिथून सुरू करा.

एक उदाहरण जवळून पाहू. भाड्याच्या खोलीत राहणारी एक विधवा बाई, मुलगा दिव्यांग. दिव्यांग अर्थसाहाय्यासाठी दिव्यांगत्वाचं वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी), आधार, शिधापत्रिका, बँक पासबुक आणि ठरावीक वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. पुरावा म्हणजे मिळकतकराची पावती, वीजबिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार. मिळकतकर आणि वीजबिल घरमालकाच्या नावावर, आणि करार तो देत नाही, कारण खोलीच विनापरवाना वाढवलेली. बाई दोनदा खिडकीवर येते, दोन दिवसांची धुणीभांडी बुडवते आणि तिसऱ्यांदा येत नाही. कागदोपत्री हा ‘अपूर्ण अर्ज’. तिला मालकाकडून पत्र आणून देणं ही मदत झाली, जरूर करा. पण नियमावलीत पुराव्यांच्या यादीला ‘मतदार यादीतील नोंद, मुलाच्या शाळेचा दाखला किंवा लसीकरण कार्डावरील पत्ता, आणि अर्जदाराचे स्वयंघोषणापत्र’ एवढी एक ओळ जोडून घेतलीत, तर तिच्यासारख्या सगळ्यांचं काम होतं. राज्य शासनाने २०१५ मध्येच बऱ्याच कामांसाठी शपथपत्राऐवजी स्वयंघोषणापत्र मान्य केलं आहे. टिपणीत त्याचा हवाला द्या, म्हणजे लेखाविभागाचा पहिला आक्षेप येण्याआधीच गळून पडतो.

अर्जाचा छापील नमुनाही तपासा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ झाले. नमुन्यात अजून जुन्याच सात चौकटी असतील, तर थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा हिमोफिलियाच्या मुलाची आई खूण कुठे करणार? खिडकीवरचा कारकून ‘यात बसत नाही’ म्हणतो, आणि त्याच्यापुरतं ते खरंच असतं. नमुना बदलायला निधी लागत नाही, फक्त उपायुक्तांची सही लागते. अशी बिनखर्चाची कामं आधी करा. त्यातून विभागाला तुमचा भरवसा येतो.

आता वस्तीफेरी. तुम्हाला ती येते, पण पालिकेची माणूस म्हणून फिरण्याच्या खाचाखोचा वेगळ्या. मंडळाच्या कार्यालयात बसून बैठक घेतलीत की अध्यक्षच बोलतो आणि त्याच्या गल्लीचंच गाऱ्हाणं वर येतं. त्याला भेटा, मान द्या, पण बैठक तिथे लावू नका. सार्वजनिक नळ, शौचालयाची रांग, अंगणवाडी सुटण्याची वेळ, रेशन दुकान या चार जागी उभं राहून अर्ध्या तासात कळतं ते दोन तासांच्या बैठकीत कळत नाही. घरकाम करणाऱ्या बाया दुपारी दोन ते चार सापडतात, बांधकाम मजूर रात्री आठनंतर, कचरावेचक दुपारी वर्गीकरणाच्या जागी. भाडेकरू रविवारीच. एका फेरीत दीडशे-दोनशे घरांपेक्षा जास्त भाग धरू नका. खडूने जमिनीवर गल्ल्या काढा आणि बायकांनाच विचारा, ‘कुठल्या घरातलं माणूस कधीच बैठकीला येत नाही?’ बोट ज्या घराकडे जाईल तिथे दुसऱ्या दिवशी एकटीने जा. अंथरुणाला खिळलेली माणसं, मानसिक आजाराचा रुग्ण, घराबाहेर काढलेली तृतीयपंथी मुलं हे सारं तिथेच असतं.

या घरांची माहिती प्रभागाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका. एखाद्याचा आजार, लिंगओळख किंवा जात एकदा गटावर गेली की परत घेता येत नाही. यादीत क्रमांक घाला, नावं वेगळ्या वहीत ठेवा.

बचत गटांचं गणित तुम्हाला ठाऊक असेलच. १० ते २० सदस्य, त्यांत निदान ७० टक्के शहरी गरीब, आणि पंचसूत्री म्हणजे नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेबलेखन. उपजीविका अभियानात पात्र गटाला १०,००० रुपयांचा फिरता निधी, म्हणजे सदस्यांना आळीपाळीने कर्जाऊ वापरायची रक्कम, होता. दिव्यांगांच्या गटासाठी किमान संख्येची अट सैल होती आणि त्यात पुरुषही चालत. तरी असे गट फार कमी झाले, कारण उद्दिष्ट गटांच्या संख्येत मोजलं जातं आणि दिव्यांगांचा एक गट उभा करण्याच्या वेळात साधे चार होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये उद्दिष्टासाठी उभे केलेले गट ओळखायला वही उघडा. वर्षभराच्या बावन्न बैठका एकाच पेनाने, एकाच दाबाने, एकाच दिवशी लिहिलेल्या असतात. पानांच्या कडा कोऱ्या करकरीत, सगळ्या सह्या एका वळणाच्या, गैरहजर कुणीच नाही. खऱ्या गटाच्या वहीला तेलाचे डाग असतात आणि खाडाखोड असते. असे खोटे गट चालू राहिले की बँकेची शाखा खऱ्या गटालाही कर्ज नाकारते, म्हणून त्यांची नावं उद्दिष्टातून काढायला लावा. वाईटपणा येईल. तो घ्यावा लागतो.

गटही माणसं गाळतात, हे विसरू नका. महिना शंभर-दोनशेची ठरलेली बचत रोजंदारीवरच्या बाईला जमत नाही. दोन हप्ते चुकले की ती लाजेने येईनाशी होते. आठवड्याला वीस-तीस रुपयांचा वेगळा गट काढा, बैठक पगाराच्या नव्हे तर बाजाराच्या दिवशी ठेवा. (आणि दरवर्षीच्या शिवणयंत्र वाटपाबद्दल एक वाक्य: ज्या खोलीत यंत्र ठेवायला जागा नाही तिथलं यंत्र महिन्याभरात विकलं जातं.)

यानंतर पैसा. राज्यातल्या पालिकांच्या अंदाजपत्रकात दिव्यांग कल्याण आणि महिला व बालकल्याण यांसाठी प्रत्येकी ५ टक्के राखीव असतात. अडचण तरतुदीची नाही, खर्चाची आहे. महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्तांनी अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे जानेवारीत ठेवायचं असतं, म्हणजे विभागांकडून मागण्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच जातात. तुमची नवी कल्पना डिसेंबरमध्ये सुचली तर एक वर्ष गेलं. गणपती उठले की मागणीची टिपणी तयार हवी. दुसरीकडे फेब्रुवारीपासून ‘वर्गीकरण’ सुरू होतं. न वापरलेली रक्कम अंदाजपत्रकाच्या एका शीर्षकातून (खर्चाच्या सदरातून) दुसऱ्यात वळवतात आणि ती बहुधा रस्ते-ड्रेनेजकडे जाते. ते थांबवायचं तर सप्टेंबरपासून दर महिन्याला शिल्लक रकमेचा एक पानी तक्ता उपायुक्तांच्या टेबलावर ठेवा. ओरडू नका, तक्ता पुरेसा असतो. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची पद्धत आहे. तिथे सूचना लिहून देणारे बहुतेक सोसायट्यांमधले असतात, कारण वस्तीत तो अर्ज पोचतच नाही. तो पोचवणं आणि भरून घेणं यात तुमच्या पदाला कुणी अडवू शकत नाही.

टिपणी एका पानाची करा. पहिल्या परिच्छेदात अडचण आणि आकडा: ‘१०० नामंजूर अर्जांपैकी इतके अमुक कारणाने’. दुसऱ्यात आधार: कलम, शासन निर्णय, आधीचा ठराव. कल्याणकारी योजनांसाठी बहुधा अधिनियमाच्या कलम ६६ मधली ऐच्छिक कर्तव्यं लागू पडतात. तिसऱ्यात खर्च आणि शीर्षक. शेवटी ‘मान्यतेस सादर’. भावना आल्या की फाइल ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत येते. आणि प्रत्येक टिपणीचा जावक क्रमांक (कागद पुढे पाठवताना पडणारा नोंदीचा क्रमांक) स्वतःच्या वहीत टिपून ठेवा.

रॅम्पचं प्रकरण वेगळं सांगायला हवं, कारण खर्च होतो आणि तरीही चाकाची खुर्ची वर जात नाही. उतार १ : १२ हवा, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. क्षेत्रीय कार्यालयाचं जोतं ४५ सेंटीमीटर उंच असेल, तर रॅम्पची लांबी ५.४ मीटर. रुंदी निदान १.२ मीटर, दोन्ही बाजूंना कठडा, वर आणि खाली खुर्ची वळेल एवढी सपाट जागा. प्रत्यक्षात कंत्राटदाराला तीन पायऱ्यांशेजारची दोन मीटर जागा दाखवली जाते आणि तो तेवढ्यात घसरगुंडी बांधतो. चूक बांधणाऱ्याची कमी, पूर्वगणन पत्रकाची (कामाच्या तपशिलाच्या आणि खर्चाच्या अंदाजाच्या कागदाची) जास्त. त्यात ‘रॅम्प करणे, १ नग’ एवढंच लिहिलेलं असतं. उतार, लांबी, रुंदी आणि खरखरीत पृष्ठभाग हे चार शब्द पत्रकातच लिहून घ्या. तपासणी सोपी आहे. एक मीटरची सरळ पट्टी आणि गवंड्याचं लेव्हल घ्या. पट्टीचं एक टोक रॅम्पवर टेकवून ती आडवी समतल धरा. दुसऱ्या टोकाखालची फट ८.३ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर उतार जास्त आहे. ही तपासणी बिल निघायच्या आधी, कनिष्ठ अभियंत्याच्या देखत आणि खुर्ची वापरणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन करा. बिलानंतर कुणी येत नाही. आणि रॅम्पच्या तोंडाशी दुचाकी लागणार नाही असे दोन खांब त्याच पत्रकात घाला, नाहीतर पहिली स्कूटर कर्मचाऱ्याचीच लागते.

पथविक्रेत्यांबाबत कायदा स्पष्ट आहे. २०१४ च्या कायद्याप्रमाणे निदान पाच वर्षांतून एकदा सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे निदान ४० टक्के निवडून आलेले प्रतिनिधी आणि त्यांत एक तृतीयांश महिला. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवता येत नाही, आणि हटवायचं तर ३० दिवसांची नोटीस. बायका गळतात त्या सर्वेक्षणात. पथक सकाळी अकराला निघतं. भाजी घेऊन पहाटे सहा ते नऊ बसणारी तोवर घरी गेलेली असते, आणि संध्याकाळी पाचची भजीवाली अजून आलेली नसते. शिवाय गाडी ‘कुणाची’ विचारल्यावर नवऱ्याचं नाव लागतं. पथक एकाच जागी दिवसातून तीनदा फिरलं पाहिजे आणि ‘प्रत्यक्ष बसणारी व्यक्ती’ हा रकाना नमुन्यात असला पाहिजे. जी सुटली तिच्यासाठी पंतप्रधान स्वनिधी या पथविक्रेत्यांच्या कर्जयोजनेत पालिकेच्या शिफारसपत्राची सोय २०२० पासून आहे. ते पत्र मिळवून देणं हे तुमचंच काम.

इथेच विश्वासाचा प्रश्न येतो. अतिक्रमण विभागही त्याच इमारतीत आहे, आणि कधीतरी सांगणं येईल: ‘कारवाईला जायचंय, तुमचं लोक ऐकतात, समजावायला चला.’ त्या गाडीत बसू नका. एकदा त्या ट्रकच्या शेजारी दिसलात की पुढची तीन वर्षं खरं कुणी सांगणार नाही. नकार मात्र तोंडी देऊ नका. लेखी पर्याय द्या: या जागेवर किती गरोदर बायका, किती दिव्यांग, दहावी-बारावीची किती मुलं, नोटीस दिली का, सर्वेक्षण पूर्ण आहे का, पर्यायी जागा कुठली. अशी टिपणी आल्यावर अधिकाऱ्याला सही करताना विचार करावा लागतो. कारवाई थांबेलच असं नाही. वस्तीत मात्र सरळ सांगा, ‘हे थांबवणं माझ्या हातात नाही, अपील कुठे करायचं ते सांगते.’ न झेपणारं वचन दिल्याने संघटक संपतात, पालिकेत गेल्याने नाही.

बाहेरची स्वतंत्र संघटना जिवंत ठेवणं म्हणूनच महत्त्वाचं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. पुढे त्यातूनच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा घरोघरच्या कचरा संकलनासाठी महापालिकेशी करार झाला. आधी संघटना, मग ओळखपत्रं, मग करार. पालिकेने स्वतः गोळा केलेल्या ‘लाभार्थ्यां’शी असा करार झाला नसता, कारण कराराला दोन बाजू लागतात. तुमच्या जुन्या संस्थेला, युनियनला, दिव्यांग संघटनेला बैठकीला बोलवा, त्यांनी टीका केली तर इतिवृत्तात लिहा. त्यांची टीका तुमच्या टिपणीला वजन देते.

तृतीयपंथी व्यक्तींना नोकरीत घेण्याची सुरुवात पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये केली, नंतर पुण्यातही सुरक्षारक्षक म्हणून नेमणुका झाल्या. तुमच्याकडे असं काही ठरलं तर नेमणुकीच्या आदेशाआधी तीन गोष्टी बघा. जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि बँक खातं यांवरचं नाव एकच आहे का? नसेल तर पहिला पगारच अडकतो, आणि भाडं न दिल्याने खोली जाते. ड्यूटीच्या जागी वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का? आणि हजेरी घेणाऱ्या मुकादमाशी कुणी बोललंय का? आयुक्तांचं धोरण कितीही चांगलं असो, माणूस टिकतो की जातो ते मुकादम ठरवतो.

रात्रनिवाऱ्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या एक लाखामागे १०० जणांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट असं आहे. निवारे रिकामे दिसले की ‘लोकच येत नाहीत’ असा अहवाल जातो. येत नाहीत कारण नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं, हातगाडी ठेवायला जागा नसते आणि सकाळी सहाला बाहेर काढतात. कुटुंबांसाठी एक खोली आणि कुलूपबंद कोपरा एवढ्याने फरक पडतो.

नगरसेवकांबद्दल. अनेक महापालिकांत काही वर्षं प्रशासक होते, जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या आणि सभासद परत आले. त्यांना टाळू नका. पुण्यात ज्याला ‘स’ यादी म्हणतात तसा त्यांच्या प्रभागातल्या कामांचा निधी लवकर हलतो, रॅम्पसारखी कामं त्यातून होतात. उद्घाटनाचं श्रेय मोकळ्या मनाने द्या, लाभार्थ्यांची निवड मात्र देऊ नका. निकष आणि गुण लिखित असतील तर ‘नियमावलीत असं आहे’ म्हणता येतं.

कंत्राट सहा किंवा अकरा महिन्यांचं असतं आणि मधल्या खंडात तुमच्या जागी कोण येईल सांगता येत नाही. म्हणून दोन महिने आधीपासून हस्तांतराची वही करा. कुठल्या टिपणीवर कुठला जावक क्रमांक, फाइल सध्या कुठल्या टेबलावर, कुठल्या गल्लीत कुणाशी बोलायचं आणि कुठल्या वेळी, कुठल्या घरी परत जायचं कबूल केलंय आणि कधी. नव्या नामंजूर अर्जांतले शंभर पुन्हा काढा, तेच शेरे मोजा आणि दोन्ही आकडे पहिल्या पानावर शेजारी शेजारी लिहा. वहीची एक प्रत विभागात ठेवा, एक उपायुक्तांच्या कार्यालयात द्या आणि दोन्हींवर पोच घ्या.